पंचांची यादी

पंचांच्या मुखी परमेश्वर असतो, ही म्हण मराठी मनाला फार जुनी आणि फार जवळची आहे. चार जाणती माणसे एकत्र बसली, त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि विचारान्ती निवाडा सांगितला, की तो शिरोधार्य मानावयाचा, ही आपल्या गावगाड्याची रीत होती. शिवकालीन आणि पेशवेकालीन गोतसभांचे जे महजर आज उपलब्ध आहेत, त्यांत निवाड्याबरोबरच सभेस हजर असलेल्यांची नावेही लिहिलेली आढळतात. पाटील-कुलकर्ण्यांबरोबर बलुतेदारांची नावे येतात आणि ज्याला लिहिता येत नसे त्याची निशाणी येते. निवाडा काय झाला याइतकेच तो कोणाच्या समक्ष झाला यालाही महत्त्व आहे, ही जाणीव त्या कागदांत दिसते.

परंतु ही म्हण एक प्रश्न अनुत्तरित ठेवते. परमेश्वर पंचांच्या मुखी असेल. पण त्या पंचांना निवडले कोणी? गावातील कोणाची नावे यादीत आली आणि कोणाची आलीच नाहीत? एकाच वंशाची, एकाच वर्णाची माणसे बाकावर बसली आणि आरोपीच्या पिंजऱ्यात मात्र दुसऱ्या वर्णाचा माणूस उभा राहिला, तर त्या मुखातून परमेश्वरच बोलतो असे त्या माणसाने कोणत्या आधारावर मानावयाचे? फौजदारी खटल्यांतील ज्यूरीची निवड हा वरवर पाहता कारकुनी विषय आहे. नावे गोळा करावयाची, चिठ्ठ्या काढावयाच्या, समन्स पाठवावयाची. तथापि ह्याच कारकुनी कामात न्यायाचे आणि अन्यायाचे बरेचसे भवितव्य आधीच ठरून जाते, असे इतिहास सांगतो.

ज्यूरीची पद्धत इंग्लंडातून जगभर गेली. तिच्या जन्मभूमीत ह्या प्रश्नाची जाण फार पूर्वीपासून होती. परदेशी व्यापाऱ्यावर खटला झाला, तर त्याची ज्यूरी अर्धी इंग्रजांची व अर्धी परदेशीयांची असावी, असा नियम तेथे चौदाव्या शतकापासून होता. परक्या माणसाला आपल्या न्यायाविषयी भरवसा वाटावा, हा त्यामागील हेतू. तो नियम १८७० साली रद्द झाला. मात्र इंग्रजांनी हीच कल्पना हिंदुस्थानात आणली, तेव्हा तिचे रूप पालटले. दुर्बळाचे संरक्षण म्हणून जन्मलेला नियम येथे राज्यकर्त्यांचे कवच बनला. १८२६ च्या कायद्याने हिंदी लोकांना ज्यूरीत बसण्याची परवानगी दिली; पण ख्रिस्ती आरोपीचा न्याय ख्रिस्ती पंचांनीच करावा, अशी मेख त्यात मारून ठेवली. राजा राममोहन रॉय यांनी ह्या भेदाविरुद्ध आवाज उठविला आणि १८३२ साली तो भेद दूर झाला. पुढे इल्बर्ट बिलाचे वादळ उठले. त्यावर १८८४ साली जी तडजोड झाली, तिच्यान्वये जिल्हा मॅजिस्ट्रेटपुढे उभ्या राहणाऱ्या युरोपियन ब्रिटिश आरोपीला निम्मे तरी पंच युरोपियन वा अमेरिकन असलेली ज्यूरी मागण्याचा हक्क मिळाला. फौजदारी न्यायातील असे वांशिक भेद काढून टाकणारा शेवटचा कायदा स्वतंत्र भारताने १९४९ साली केला.

युरोपियन आरोपीला आपल्या माणसांची ज्यूरी मागता येई. हिंदी आरोपीला तशी सोय नव्हती. ह्याचा अर्थ काय होतो, तो मुंबईच्या हायकोर्टाने दोनदा पाहिला. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे चालला. खटला होता 'केसरी'तील मराठी लिखाणावर. ज्यूरीत नऊ जण होते, सहा युरोपियन आणि तीन हिंदी. सहांनी टिळकांना दोषी ठरविले, तिघांनी निर्दोष. हायकोर्टाच्या ज्यूरीत नऊपैकी सहा मते आणि न्यायाधीशाची संमती एवढे कायद्याला पुरेसे होते. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. १९०८ साली न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे दुसरा खटला झाला. सरकारने खास ज्यूरी मागितली. लेख मराठीत आहेत, तेव्हा मराठी जाणणारे पंच असावेत, अशी टिळकांच्या बाजूची हरकत होती. ती मान्य झाली नाही. ह्या वेळी सात युरोपियन आणि दोन पारशी पंच बसले. निकाल सात विरुद्ध दोन असा लागला आणि टिळकांना सहा वर्षांची हद्दपारीची शिक्षा झाली. दोन्ही वेळा ज्यूरीत हिंदी माणसे होती. दोन्ही वेळा त्यांचे असणे आणि नसणे सारखेच ठरले. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

हा प्रश्न जगात सर्वांत अधिक काळ आणि सर्वांत अधिक कटुतेने लढविला गेला तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत. तेथे यादवी युद्धानंतर गुलामगिरी नष्ट झाली. १८६८ साली घटनेला चौदावी दुरुस्ती जोडली गेली आणि कायद्याचे समान संरक्षण हे तत्त्व प्रत्येक राज्यावर बंधनकारक झाले. तरीही वेस्ट व्हर्जिनिया राज्याचा कायदा सांगत होता, की ज्यूरीत केवळ गोरे पुरुषच बसू शकतील. त्या राज्यातील टेलर स्ट्रॉडर ह्या कृष्णवर्णीय सुतारावर पत्नीच्या खुनाचा आरोप होता. त्याच्या खटल्यावरून हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि १ मार्च १८८० रोजी न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो कायदा घटनाबाह्य ठरविला. एका संबंध वंशाला कायद्याने ज्यूरीतून वगळणे म्हणजे त्याच्या कपाळावर हीनत्वाचा डाग देणे होय, असा त्या निर्णयाचा आशय होता.

हा निर्णय उदात्त खरा. पण त्यात दोन पळवाटा राहिल्या. न्यायालयाने सांगितले, की वर्णावरून वगळता येणार नाही. परंतु पुरुष, मालमत्ताधारक, अमुक वयाचे, अमुक शिकलेले, अशा अटी राज्यांना घालता येतील. दुसरी पळवाट त्याच दिवशी दिलेल्या एका वेगळ्या निर्णयात होती. ज्यूरीत कृष्णवर्णीय मनुष्य नाही, एवढ्यावरून भेदभाव झाला असे सिद्ध होत नाही, असे तेथे म्हटले गेले. कायद्याच्या पुस्तकातून 'गोरा' हा शब्द नाहीसा झाला, तेव्हा तो शब्द कारकुनाच्या टेबलाकडे वळला. पुढील पन्नास-पंचावन्न वर्षे दक्षिणेतील अनेक जिल्ह्यांत कायद्याने मज्जाव नसतानाही कृष्णवर्णीय पंच दृष्टीस पडला नाही. सज्जन, विवेकी आणि सचोटीची माणसे ज्यूरीसाठी निवडावीत, असे नियम सांगत. सज्जन कोण, हे ठरविणारे अधिकारी गोरे असत आणि त्यांच्या ओळखीपाळखीचे लोकही गोरेच असत. भेदभावाचा एक शब्दही न लिहिता भेदभाव साधण्याची ही युक्ती होती.

तिचा पर्दाफाश झाला तो अलाबामातील स्कॉट्सबरोच्या खटल्यांत. मार्च १९३१ मध्ये एका मालगाडीतून जाणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय मुलांवर दोन गोऱ्या स्त्रियांवर बलात्कार केल्याचा आरोप आला. पंधरवड्याच्या आत गोऱ्या ज्यूरींनी त्यांपैकी आठ जणांना देहान्ताची शिक्षा ठोठावली. प्रकरण वर गेले, पुन्हा खाली आले आणि क्लॅरन्स नॉरिस ह्या आरोपीच्या नावाने १९३५ साली पुन्हा सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. ज्या जॅक्सन परगण्यात दोषारोप ठेवला गेला, तेथे १९३० साली ३६,८८१ लोकसंख्येत २,६८८ कृष्णवर्णीय होते. पन्नास ते शहात्तर वर्षे वयाच्या साक्षीदारांनी सांगितले, की त्यांच्या स्मरणात त्या परगण्यात एकही कृष्णवर्णीय ज्यूरीत बसलेला नाही. ह्यावर राज्याने ज्यूरीची नोंदवही पुढे केली. तीत काही कृष्णवर्णीयांची नावे होती. नव्या यादीचा आरंभ दाखविण्यासाठी त्या वहीत तांबड्या शाईच्या रेघा ओढल्या होत्या. ही नावे मात्र पानाच्या शेवटी, त्या तांबड्या रेघेवर चढून लिहिलेली होती. म्हणजे रेघ आधी ओढली गेली, नाव नंतर घुसडले गेले. आरोपीचे वकील सॅम्युएल लाइबोविट्झ यांनी ती अवजड वही वॉशिंग्टनला नेली आणि न्यायमूर्तींनी भिंग हाती घेऊन ती पाने तपासली. मुख्य न्यायमूर्ती ह्यूज यांनी दिलेल्या निर्णयाने नॉरिसची शिक्षा रद्द झाली. न्यायालयाचा निष्कर्ष साधा होता: पिढ्यान्‌पिढ्या एकाही पात्र मनुष्याचे नाव निघत नाही, तेव्हा तो योगायोग नसतो.

नॉरिसचा पुन्हा खटला झाला, पुन्हा देहान्ताची शिक्षा झाली. ती जन्मठेपेत बदलली गेली आणि अलाबामाच्या गव्हर्नरने त्याला माफी दिली ती १९७६ साली. १९३६ च्या प्रारंभी त्याचा सहआरोपी हेवूड पॅटर्सन याच्या खटल्यात ज्यूरीसाठी बोलावलेल्या लोकांमध्ये कृष्णवर्णीय माणसे होती. परंतु त्यांपैकी एकही बाकापर्यंत पोहोचला नाही. यादीचे दार थोडेसे किलकिले झाले, तोच आतल्या दाराला कडी लागली.

यादीच्या दारापाशीही सारे काही सुरळीत झाले होते असे नाही. जॉर्जिया राज्यातील एका परगण्यात नावांच्या चिठ्ठ्या पेटीतून न्यायाधीश स्वतः काढीत. वरवर पाहता ह्याहून निःपक्ष रीत कोणती? पण गोऱ्यांची नावे पांढऱ्या चिठ्ठ्यांवर आणि कृष्णवर्णीयांची पिवळ्या चिठ्ठ्यांवर लिहिलेली असत. साठ नावे निघाली, त्यांत पिवळी चिठ्ठी एकही नव्हती. १९५३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. पुढल्याच वर्षी टेक्सासमधील पीट हर्नांडेझ ह्या शेतमजुराचे प्रकरण आले. त्याच्या परगण्यात सुमारे १४ टक्के लोक स्पॅनिश आडनावांचे होते. पण पंचवीस वर्षांत मेक्सिकन वंशाचा एकही मनुष्य ज्यूरीत बसला नव्हता. मेक्सिकन लोक गोऱ्यांतच मोडतात, तेव्हा वर्णभेदाचा प्रश्नच येत नाही, असा राज्याचा युक्तिवाद होता. ज्या न्यायमंदिरात हा खटला चालला, तेथेच पुरुषांची दोन शौचालये होती. एकावर काहीच पाटी नव्हती. दुसऱ्यावर कृष्णवर्णीयांसाठीची पाटी होती आणि तिच्याखाली स्पॅनिश भाषेत पुरुषांनी इकडे यावे असे लिहिले होते. शौचालयाच्या दारावर जो भेद मानला जात होता, तो ज्यूरीच्या दारावर मात्र नाकबूल केला जात होता. मुख्य न्यायमूर्ती वॉरन यांनी निर्णय दिला, की संरक्षण गोरा आणि काळा ह्या दोन वर्गांपुरतेच नाही. जेथे ज्या समाजाला वेगळे काढले जाते, तेथे त्या समाजाला ते आहे.

ह्या वगळण्याची झळ केवळ आरोपीला पोहोचते, असा समज होऊ नये. १९५५ च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल ह्या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची निर्घृण हत्या झाली. आरोपी दोन गोरे पुरुष होते. परगण्यात बहुसंख्या कृष्णवर्णीयांची. पण त्यांना मतदारांच्या यादीत शिरकाव नव्हता आणि ज्यूरीची यादी मतदारांच्या यादीतून होई. बारा गोऱ्या पंचांनी तासाभराहून किंचित अधिक वेळात दोघांना निर्दोष सोडले. काही महिन्यांनी त्या दोघांनी पैसे घेऊन एका नियतकालिकाला आपण खून केल्याची हकीकत सांगितली. मारल्या गेलेल्या मुलाची आई, मोझेस राइट हा भर न्यायालयात बोट दाखवून आरोपीला ओळखणारा मुलाचा वृद्ध आप्त, त्या परगण्यातील हजारो माणसे, ह्यांपैकी कोणाचाही त्या बाकाशी संबंध नव्हता. न्याय त्यांच्यासाठी होता, पण त्यांचा नव्हता.

१९६५ चा मतदान हक्कांचा कायदा आणि केंद्रीय न्यायालयांसाठी १९६८ चा ज्यूरी निवडीचा कायदा, ह्यांनी यादीचा प्रश्न पुष्कळ अंशी मार्गी लावला. ओळखीच्या सज्जनांची नावे सुचविण्याऐवजी मतदारयादीतून यदृच्छेने नावे काढण्याची रीत आली. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की ज्यूरी ज्या समुदायातून निवडली जाते, तो समुदाय समाजाचा प्रातिनिधिक छेद असला पाहिजे. पण एव्हाना भेदभावाने आपले ठाणे आतल्या दारापाशी हलविले होते.

हे आतले दार म्हणजे वकिलांचा नकाराचा हक्क. बोलावलेल्या नागरिकांपैकी ज्याचा पक्षपात उघड आहे, त्याला कारण दाखवून वगळता येते. ते योग्यच आहे. पण त्याखेरीज प्रत्येक पक्षाला ठरावीक संख्येने पंच कोणतेही कारण न सांगता नाकारता येतात. हा हक्क शतकानुशतके चालत आलेला आहे. आरोपीला ज्याची नजर नकोशी वाटते, त्याच्याकडून आपला न्याय होऊ नये, अशी त्यामागील भावना. परंतु हाच हक्क सरकारी वकिलाच्या हाती आला, की त्याने कोणाला वगळले हे दिसते, का वगळले हे दिसत नाही. १९६५ साली रॉबर्ट स्वेन ह्या एकोणीस वर्षांच्या तरुणाच्या प्रकरणात दिसून आले, की अलाबामातील टॅलाडेगा परगण्यात पात्र पुरुषांपैकी २६ टक्के कृष्णवर्णीय असूनही सुमारे १९५० पासून एकही कृष्णवर्णीय खटल्याच्या ज्यूरीत बसला नव्हता. स्वेनच्या खटल्यात उरलेल्या सहाही कृष्णवर्णीयांना सरकारी वकिलाने नाकारले. तरीही न्यायालय म्हणाले, की एका खटल्यातील नकारांवरून काही ठरत नाही. खटल्यामागून खटल्यात हेच घडते असे आरोपीने सिद्ध करावे. तुरुंगातल्या एका निर्धन मनुष्याने परगण्यातील वर्षानुवर्षांच्या खटल्यांची कागदपत्रे कोठून आणावयाची, ह्याचे उत्तर त्या निर्णयात नव्हते.

ही चूक दुरुस्त व्हायला एकवीस वर्षे लागली. केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे जेम्स बॅट्सन याच्या घरफोडीच्या खटल्यात सरकारी वकिलाने चारही कृष्णवर्णीय नागरिकांना नाकारले आणि संपूर्ण गोरी ज्यूरी बसविली. ३० एप्रिल १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की एकाच खटल्यातील वर्तनावरूनही संशय घेता येईल आणि तसा संशय आला, की सरकारी वकिलाने वर्णाशी संबंध नसलेले कारण द्यावे. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल हे त्या न्यायालयातील पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. ते निर्णयाशी सहमत होते. पण त्यांनी बजावले, की कारण शोधून काढणे मुळीच अवघड नसते, तेव्हा कारणाविना नाकारण्याचा हक्कच संपुष्टात आणावा.

त्यांचे म्हणणे पुढल्या काळाने खरे ठरविले. १९९५ साली एका प्रकरणात लांब, विस्कटलेले केस आणि दाढीमिशा हे नाकारण्याचे कारण चालण्यासारखे मानले गेले. टिमथी फॉस्टर याच्यावर जॉर्जियात १९८७ साली खुनाचा खटला झाला आणि सर्व कृष्णवर्णीय पंच नाकारले गेले. जवळजवळ दोन दशकांनी सरकारी वकिलांची टिपणे माहिती मागविण्याच्या कायद्याखाली बाहेर आली. यादीतील कृष्णवर्णीयांची नावे हिरव्या रंगाने ठळक केलेली होती आणि त्यांच्यापुढे वर्णाचे आद्याक्षर लिहिलेले होते. ज्यांना मुळीच घ्यावयाचे नाही अशा सहा जणांची एक वेगळी यादी होती. तीतील पहिली पाच नावे कृष्णवर्णीयांची. २०१६ साली सात विरुद्ध एक मतांनी ती शिक्षा रद्द झाली.

कर्टिस फ्लॉवर्सची कथा ह्याहून दीर्घ आहे. मिसिसिपीतील विनोना ह्या लहानशा गावी १९९६ साली एका फर्निचरच्या दुकानात चार माणसांचा खून झाला. गावात सुमारे ५३ टक्के वस्ती कृष्णवर्णीयांची. फ्लॉवर्सवर ह्या एकाच आरोपासाठी सहा वेळा खटला चालला आणि सहाही वेळा सरकारी वकील एकच होता. सहा खटल्यांत मिळून नाकारता येण्याजोगे ४२ कृष्णवर्णीय पंच त्याच्यापुढे आले. त्यांपैकी ४१ जणांविरुद्ध त्याने आपला हक्क वापरला. सहाव्या खटल्यात नाकारलेल्या पाच कृष्णवर्णीयांना त्याने एकूण १४५ प्रश्न विचारले आणि बाकावर बसलेल्या अकरा गोऱ्यांना मिळून बारा. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. २०२० साली खटला काढून घेण्यात आला. तोपर्यंत फ्लॉवर्सच्या आयुष्यातील सुमारे तेवीस वर्षे तुरुंगात गेली होती. ज्यूरीची निवड हा कारकुनी विषय आहे असे ज्याला वाटते, त्याने ही तेवीस वर्षे डोळ्यांपुढे आणावीत.

समजा, यादी स्वच्छ झाली आणि नकाराचे दारही उघडले. तरीसुद्धा प्रतिनिधित्व निष्फळ करण्याची आणखी एक वाट उरते, आणि येथे मुंबईच्या त्या दोन खटल्यांची आठवण अपरिहार्य आहे. १८९७ साली मुंबईत सहा विरुद्ध तीन अशा मतांनी टिळक दोषी ठरले. पुढच्याच वर्षी, १८९८ साली, लुइझियाना राज्यात नवी घटना तयार झाली. गोऱ्यांचे वर्चस्व प्रस्थापित करणे हा हेतू त्या सभेत उघडपणे सांगितला जात होता. ज्यूरीतून कृष्णवर्णीयांना काढून टाकणे १८८० च्या निर्णयामुळे कठीण झाले होते. म्हणून घटनेत तरतूद आली, की गंभीर गुन्ह्यांत बारांपैकी नऊ पंचांचे मत पुरे. दोन-तीन कृष्णवर्णीय बाकावर येऊन बसले, तरी त्यांच्या मताने काही अडणार नाही. १९७४ च्या घटनेने ही संख्या दहावर नेली. राज्याच्या मतदारांनी २०१८ साली ही पद्धत पुढील गुन्ह्यांपुरती बंद केली आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने गंभीर गुन्ह्यांसाठी एकमत घटनेनेच आवश्यक ठरविले. मुंबई आणि लुइझियाना यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. परंतु बाकावर जागा द्यावी आणि मताला वजन देऊ नये, ही युक्ती दोन्हीकडे सारखीच लागू पडली. मुंबई हायकोर्टात १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते टिळकांच्या स्मरणार्थ जी शिला बसविण्यात आली, तिच्यावर ज्यूरीचा निर्णय काहीही असला तरी आपण निर्दोष आहोत, हे टिळकांचे उद्गार कोरले आहेत. ज्या ज्यूरीत आपला आवाज पोहोचूच शकत नाही, तिच्याविषयी आरोपीच्या मनात काय येते, हे त्या उद्गारांत नोंदले गेले आहे.

आता एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो प्रामाणिक माणसांकडूनही घेतला जातो. प्रत्येक वंशाला ज्यूरीत जागा हवी, असे म्हटले, की प्रत्येक पंच आपापल्या वंशाचा वकील होणार नाही काय? न्यायदान हे जातवार वाटणीचे काम होणार नाही काय? हा धोका काल्पनिक नाही. म्हणूनच अमेरिकेच्या न्यायालयांनी, अगदी बॅट्सनच्या निर्णयातही, सांगितले आहे, की आपल्याच वंशाचे पंच मिळावेत असा आरोपीचा हक्क नाही. हक्क एवढाच आहे, की पंच निवडताना वंशावरून कोणाला दूर सारले जाऊ नये. वंशावरून जागा देणे आणि वंशावरून जागा नाकारणे, ह्या दोन्हींच्या मुळाशी मनुष्याचे मत त्याच्या कातडीवरून ओळखता येते, हीच समजूत आहे. १९९१ साली न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले, की आरोपी गोरा असला आणि नाकारलेला पंच काळा असला, तरीही आरोपीला तक्रार करता येईल. कारण अन्याय त्या पंचावरही होतो. मत देणे आणि ज्यूरीत बसणे, ह्या दोन प्रसंगी सामान्य नागरिक राज्यकारभारात प्रत्यक्ष भाग घेतो. त्या बाकावरून उठवून परत पाठविलेला मनुष्य केवळ एक दिवसाचे काम गमावीत नाही. आपण ह्या राज्याचे पूर्ण नागरिक नाही, हे तो भर न्यायालयात ऐकतो.

मिश्र ज्यूरीने काय घडते, ह्याचा अभ्यासही झाला आहे. फ्लॉरिडा राज्यातील दोन परगण्यांत २००० ते २०१० ह्या काळात झालेल्या खटल्यांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. ज्यूरीसाठी बोलावलेल्यांत एकही कृष्णवर्णीय नसे, तेव्हा कृष्णवर्णीय आरोपी गोऱ्या आरोपींपेक्षा शेकडा १६ ने अधिक प्रमाणात दोषी ठरत. बोलावलेल्यांत एक जरी कृष्णवर्णीय असला, तरी हा फरक जवळजवळ नाहीसा होई. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले, की मिश्र ज्यूरी अधिक वेळ चर्चा करतात, पुराव्यातील अधिक गोष्टी विचारात घेतात आणि गोऱ्या पंचांच्या बोलण्यातील चुकाही कमी होतात. म्हणजे भिन्न मनुष्य येतो, तो केवळ आपले मत घेऊन येत नाही. त्याच्या उपस्थितीने इतरही अधिक जबाबदारीने विचार करू लागतात. विविधतेचा खरा लाभ हा आहे. तो एखाद्या समाजाला मिळत नाही, सत्यशोधनाला मिळतो.

ह्या अनुभवावरून वेगवेगळ्या देशांनी उपाय योजले आहेत. कारणाविना नाकारण्याचा हक्क इंग्लंडने १९८८ साली बचावपक्षाकडूनही काढून घेतला. कॅनडात २०१८ साली एका तरुण आदिवासीच्या मृत्यूच्या खटल्यात गोरा शेतकरी निर्दोष सुटला आणि ज्यूरीत आदिवासी दिसत नाहीत असा मोठा क्षोभ उसळला. पुढल्या वर्षी तेथेही हा हक्क रद्द झाला. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने २०१८ साली नियम केला, की सरकारी वकिलाचा हेतू वाईट होता काय हे न पाहता, तटस्थ पाहणाऱ्याला वंश हे कारण वाटू शकेल काय, एवढेच न्यायाधीशाने पाहावे. ॲरिझोनाने १ जानेवारी २०२२ पासून हा हक्कच बंद केला. उलट बाजूने असे म्हणणारेही आहेत, की अल्पसंख्य आरोपीला पूर्वग्रहदूषित पंच टाळण्याचे हेच एक साधन होते आणि ते हिरावून घेणे योग्य नव्हे. कॅनडातील निर्णयावर ही टीका विशेषेकरून झाली. वाद संपलेला नाही. पण त्याची दिशा मार्शल यांनी १९८६ साली दाखविली तीच आहे.

भारतात आता फौजदारी खटल्यांत ज्यूरी नाही. विधी आयोगाने १९५८ च्या अहवालात तिच्या विरुद्ध मत दिले, १९५९ चा नानावटी खटला तिच्या शेवटच्या गाजलेल्या प्रसंगांपैकी एक ठरला आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थान उरले नाही. त्यामुळे हा सारा इतिहास परक्या घरचा आहे, असे वाटण्याचा संभव आहे. पण ज्यूरी गेली तरी याद्या गेलेल्या नाहीत. निर्णय करणाऱ्यांची नावे कोठे तरी लिहिली जातात, कोणी तरी ती सुचवितो, कोणी तरी त्यांवर रेघ ओढतो. जेथे जेथे माणसे माणसांचा न्याय करावयास बसतात, तेथे तेथे निकालाच्या आधी यादी येते.

अमेरिकेच्या दीडशे वर्षांचा धडा एवढाच सांगतो, की अन्याय क्वचितच उघड्या शब्दांत लिहिला जातो. कायद्यातून हाकलला, तर तो नोंदवहीत जातो. नोंदवहीतून काढला, तर चिठ्ठीच्या रंगात लपतो. तेथून हुसकावला, तर सभ्य कारणांचा अंगरखा चढवून उभा राहतो. आणि सारी दारे बंद झाली, तर मतांच्या मोजणीत शिरतो. त्याचा पाठलाग करण्यासाठी मोठ्या घोषणांपेक्षा भिंग घेऊन पाने तपासण्याची चिकाटी अधिक उपयोगी पडते. जॅक्सन परगण्याच्या वहीतील ती तांबडी रेघ आणि तिच्यावर चढून बसलेली ती नावे ज्यांनी पाहिली, त्यांनी कायद्याचे नवे तत्त्व शोधून काढले नाही. पाने आधीही तेथेच होती. त्यांनी ती उघडून पाहिली, इतकेच. पंचांच्या मुखी परमेश्वर नांदावा अशी ज्याची इच्छा असेल, त्याने प्रथम पंचांची यादी वाचावी.